शब्दांची विचारपूस : ट्रान्सक्राइब करायचं म्हणजे नेमकं काय उतरवायचं?

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की एका विणकर आजीची मुलाखत ट्रान्सक्राइब करायला मला चार दिवस लागले, तर त्या एका शब्दावरून इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की यावेळची सगळी पानं त्यालाच देते आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे छाटलेत. नवीन वाचकांसाठी सांगते, माझी सगळी नोकरी कोर्टात लघुलेखक म्हणून झाली आणि रिटायर झाल्यापासून मी लोकांच्या मुलाखती ऐकून लिहून देते, म्हणून हा विषय मला फार जवळचा आहे आणि उत्तरं थोडी लांबलीत.

प्रश्न : ताई, मी मानेवाड्याला राहतो, मराठीचा रिटायर शिक्षक आहे. ट्रान्सक्राइबला मराठीत एकच एक शब्द सांगा. कोणी लिप्यंतर म्हणतं, कोणी श्रुतलेखन, नातवाच्या दहावीच्या सायन्समध्ये प्रतिलेखन दिलंय, आणि परवा एका कार्यक्रमात तर निवेदकानं सरळ भाषांतरच म्हटलं. यातलं बरोबर कोणतं?

उत्तर : सर, भाषांतर तर नाहीच, ते आधी बाजूला काढू. भाषांतरात भाषा बदलते, ट्रान्सक्राइब करताना भाषा तीच राहते, फक्त ती ज्या रूपात आहे ते रूप बदलतं, म्हणजे आवाजातून कागदावर, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत, शॉर्टहँडच्या रेघांतून सरळ अक्षरांत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही तेवढाच, ट्रान्स म्हणजे पलीकडे आणि स्क्रिबेरे म्हणजे लिहिणं, एका जागचं दुसऱ्या जागी लिहून नेणं.

आता एकच शब्द मागाल तर माझ्या मते आपल्याकडे तो आधीपासून आहे आणि रोज वापरात आहे, उतरवणं. फळ्यावरचं वहीत उतरवून घे, असं तुम्हीच वर्गात हजार वेळा म्हटलं असेल. तलाठ्याकडून आपण सातबारा आणतो त्याला उतारा म्हणतात तो यामुळेच, गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ या दोन नोंदवह्यांमधली आपल्या शेताची नोंद जशीच्या तशी दुसऱ्या कागदावर उतरवलेली असते. नक्कल हाही तसाच शब्द, आता परीक्षेतल्या कॉपीमुळे आणि नकलाकारांमुळे त्याला हलकेपणा आलाय पण कोर्टात आणि तहसीलीत नक्कल म्हणजे पूर्ण इज्जतीचा कागद, आणि जुन्या कागदांवर तर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे मुळात आहे त्याप्रमाणे, कमी नाही जास्त नाही. मला विचाराल तर ट्रान्सक्राइबची याच्याहून चांगली व्याख्या मी वाचलेली नाही.

आणि एक गोष्ट मला फार आवडते ती सांगतेच. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ ला ज्ञानेश्वरांनी टीका केली आणि सच्चिदानंदबाबा ‘लेखकु’ झाले असं येतं. बघा, लेखक कोण, तर रचणारा नाही, ऐकून उतरवणारा! त्या काळात लेखक या शब्दाचा अर्थच ट्रान्सक्राइब करणारा असा होता. आपल्या विदर्भातलं उदाहरण घ्या, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या शिष्यांना विचारून विचारून लिहून काढल्या, तेराव्या शतकात, त्यातून लीळाचरित्र झालं. मराठी गद्याची सुरुवातच ऐकलेलं नीट उतरवण्यातून झाली असं म्हटलं तरी चालेल. पुढे महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या गुप्त लिप्यांत लिहिल्या गेल्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्यांना वाचताच येत नव्हत्या, म्हणजे एकदा आवाजातून अक्षरात आणि मग एका लिपीतून दुसऱ्या लिपीत असं दोनदा ट्रान्सक्रिप्शन झालं. आपल्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी वेगवेगळ्या पोथ्या शेजारी ठेवून, कुठे कोणता पाठ आहे ते बघून लीळाचरित्राचं संपादन केलं, ते काम किती चिकाटीचं असेल ते दोन हस्तलिखितं समोर ठेवून बसल्याशिवाय कळत नाही.

बाकी शब्दांचं असं आहे सर, लिप्यंतर म्हणजे अक्षराला अक्षर, श्रुतलेखन म्हणजे समोर कोणी सांगतंय आणि आपण लिहितोय, प्रतिलेखन विज्ञानात रुळलंय तर राहू द्या. फक्त लिप्यंतर आणि भाषाशास्त्रातलं ट्रान्सक्रिप्शन यात गल्लत करू नका. सिंह हा शब्द रोमन अक्षरांत अक्षरशः लिहिला तर ते लिप्यंतर, पण तोंडून आपण सिंव्ह म्हणतो आणि तो उच्चार दाखवायचा असेल तर ते ट्रान्सक्रिप्शन. अजून सोपं म्हणजे पाण्याचा जग आणि हे सगळं जग, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, बोलताना कोणी मराठी माणूस गोंधळत नाही. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत मात्र या दोन ज साठी दोन वेगळ्या खुणा आहेत, ती लिपी यासाठीच बनवली गेली.

प्रश्न : मी बारावीत आहे, नीटची तयारी करतोय, काटोल रोडला क्लास आहे. डीएनएपासून आरएनए बनतो त्याला ट्रान्सक्रिप्शन का म्हणतात? तिथे तर कोणी काही लिहीत नाही. मॅडम म्हणाल्या पाठ कर, पण मला कारण समजलं की लक्षात राहतं.

उत्तर : कारण विचारलंस हे फार चांगलं केलंस बेटा. वर मी सरांना जे सांगितलं तेच इथे लाव. डीएनए आणि आरएनए दोघांची भाषा एकच आहे, चार अक्षरांची, फक्त आरएनएमध्ये थायमिनच्या जागी युरॅसिल येतं. आरएनए पॉलिमरेज नावाचं एन्झाइम डीएनएच्या एका धाग्यावरून सरकत जातं आणि समोरासमोर जोडीचं अक्षर ठेवत जातं, डीएनएवर टी-ए-सी असेल तर आरएनएमध्ये ए-यू-जी. भाषा तीच, प्रत नवीन, म्हणून ट्रान्सक्रिप्शन. पुढच्या पायरीवर रायबोसोम तीन-तीन अक्षरं वाचून त्याची अमिनो आम्लं लावतो, तिथे चार अक्षरांची भाषा सुटली आणि वीस अमिनो आम्लांची भाषा सुरू झाली, म्हणून त्या पायरीचं नाव ट्रान्सलेशन, आपल्या बोर्डाच्या पुस्तकात भाषांतरण. नावं किती विचारपूर्वक ठेवलीत ते बघ, एकदा हे डोक्यात बसलं की दोन पायऱ्यांची अदलाबदल कधीच होणार नाही.

आणि कोरोनात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली ती आरटीपीसीआर आठव, त्यातलं आरटी म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन. खूप लोक त्याचा अर्थ रियल टाइम समजतात, टेस्ट रियल टाइम पद्धतीनेच होत होती म्हणून तो घोळ, पण नावातलं आरटी ते नाही. कोरोनाचा विषाणू आरएनएचा आणि पीसीआर, म्हणजे थोड्याशा डीएनएच्या पुष्कळ प्रती काढायची पद्धत, चालते डीएनएवर, म्हणून आधी आरएनएवरून उलटं डीएनए उतरवून घ्यावं लागतं. असं उलटं उतरवणारं एन्झाइम असतं हे १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं आणि १९७५ चं नोबेल त्यांना रेनाटो डुलबेको यांच्यासोबत मिळालं. अजून एक, घरात कोणाला टीबीची औषधं चालू असतील आणि लघवी नारिंगी होत असेल तर ते रिफाम्पिसिनमुळे, ती गोळी टीबीच्या जंतूचं हेच पॉलिमरेज अडवते, जंतूचं ट्रान्सक्रिप्शन थांबतं आणि तो मरतो, आपल्या पेशींचं पॉलिमरेज वेगळं असल्यामुळे ते चालू राहतं. नीटला हे विचारतीलच असं नाही पण लक्षात राहील.

प्रश्न : ताई, मी मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहते पाचपावलीत. प्रोजेक्टसाठी मी आमच्या भागातल्या जुन्या विणकरांच्या मुलाखती मोबाईलवर रेकॉर्ड केल्या, साडेसहा तासांचं रेकॉर्डिंग आहे. आमचे गाइड म्हणतात सगळं प्रमाण मराठीत आणून द्या, नाहीतर वाचणार कोण. मैत्रीण म्हणते ॲपमध्ये टाक, दहा मिनिटांत होते. मी एक पान जसं बोलले तसं लिहिलं तर ते वाचायला खूप विचित्र दिसून राहिलं. मी काय करू?

उत्तर : तुझं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण ही माणसं आता थोडी उरलीत आणि त्यांचं बोलणं कोणीतरी उतरवायलाच पाहिजे. मी सविस्तर सांगते, कंटाळू नको.

आधी एक प्रसंग सांगते. मागच्या अंकातली माझी विणकर आजी, तिचं रेकॉर्डिंग माझ्याकडे यायच्या आधी एका बाहेरगावच्या एजन्सीकडून टाइप करून आणलं होतं आणि ते मला तपासायला दिलं. त्यात एक वाक्य होतं, ‘पाणी भरायला दोन माणसं लागत, एक इकडून दोर देई आणि दुसरा तिकडून ओढी.’ वाचायला एकदम छान, विहीर डोळ्यासमोर उभी राहते. मी हेडफोन लावून ऐकलं तर आजी म्हणत होती, ‘फणी भराले दोन माणसं लागे, एक इकडून धागा दे, एक तिकडून ओढे.’ फणी म्हणजे मागाची फणी, तिच्या एकेका फटीतून ताण्याचा, म्हणजे उभा, धागा ओवून घ्यायचा असतो, त्याला फणी भरणं म्हणतात. टाइप करणाऱ्याला मागाची माहिती नव्हती, फणी ऐकू आलं नाही, पाणी ऐकू आलं, इथपर्यंत मी समजू शकते, ऐकण्यात चूक कोणाचीही होते. पण पाणी लिहिल्यावर पुढचा धागा त्याला खटकला, पाणी भरायला धागा कसा, म्हणून त्यानं आपल्या मनानं दोर केला! तिथे मात्र मला खरंच राग आला. पहिली चूक कानाची होती, ती कोणीही पुढेमागे पकडली असती कारण धागा शब्द तिथे शिल्लक होता, दुसऱ्या दुरुस्तीनं तो पुरावाच पुसला गेला आणि आजीच्या विणकामाची एक पूर्ण रीत कागदावरून नाहीशी झाली.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की जे ऐकू आलं ते लिही, आणि नाही आलं तर तिथे चौकटी कंसात अस्पष्ट असं लिहून मिनिट-सेकंद टाक, [अस्पष्ट, ००:१४:३२] असं. खटकणारा शब्द ओढूनताणून अर्थात बसवू नको, तो तसाच खटकत राहू दे, आणि मग त्या विणकर काकांकडे परत जाऊन विचार. कांडी, धोटा, ताणा, बाणा, फणी, वही हे मागावरचे शब्द आधी त्यांच्याकडूनच एका कागदावर लिहून घेतलेस तर अर्ध्या चुका होणारच नाहीत.

आता प्रमाण मराठीचं. तूच पत्रात लिहिलंस ‘विचित्र दिसून राहिलं’, हे आपलं नागपुरी रूप आहे आणि गाइड सर बाहेरचे असतील तर त्यांना त्याचा वेगळाच अर्थ लागेल. मी कोर्टात हा प्रकार फार जवळून पाहिलाय. साक्षीदार सांगतो, ‘मी तवा घरी येऊन राह्यलो होतो.’ आपल्याला लगेच कळतं, तो रस्त्यात होता, घराकडे येत होता. हेच वाक्य कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसानं वाचलं तर त्याला वाटेल हा घरी येऊन मुक्कामाला होता. एक माणूस रस्त्यावर की घरात, एवढा फरक, आणि खटल्यात त्यावर काय काय अवलंबून असू शकतं ते तुला सांगायला नको. तसंच ‘तो जेवून राह्यला’, आपल्याकडे तो अजून ताटावर आहे, तिकडे तो जेवला आणि थांबला. म्हणजे बोली जशीच्या तशी ठेवणं हा काही हौसेचा भाग नाही, आणि प्रमाण मराठीत आणताना ‘येऊन राह्यलो’चं ‘येत होतो’ करायला बोली येणारा माणूस लागतो, नुसतं राह्यलोचं राहिलो करून भागत नाही.

मग करायचं काय, तर दोन प्रती कर. पहिली शब्दशः, त्यात मले, तुले, काऊन, डोया, सगळं जसंच्या तसं, वाक्य अर्धं सोडलं असेल तर अर्धंच, हसल्या असतील तर [हसतात], खूप वेळ गप्प राहिल्या तर [थांबतात]. मान हलवून उत्तर दिलं तर तेही लिही, रेकॉर्डिंगमध्ये मान दिसत नाही. दुसरी प्रत वाचनासाठी, त्यात अं, म्हणजे म्हणजे, तीन वेळा आलेलं तेच वाक्य हे काढू शकतेस, पण शब्द त्यांचेच, बोलीही त्यांचीच, कठीण शब्दाखाली अर्थ दे. गाइड सरांना दुसरी दे आणि पहिली जपून ठेव. आणि मासिकात लेखाखाली ‘शब्दांकन’ लिहितात ते आणखी तिसरंच, तिथे लिहिणारा बोलणाऱ्याच्या वतीनं स्वतःची भाषा वापरतो, ते चांगलं काम आहे पण त्याला ट्रान्सक्रिप्ट म्हणू नको. गाइड सर फारच अडले तर त्यांना सांग की इंग्रजांच्या काळातल्या ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या ७ व्या खंडात १९०५ सालीच आपल्या नागपुरी आणि वऱ्हाडी बोलीचे नमुने छापलेत, बोली होती तशी ठेवून. तेव्हा जमलं तर आत्ता का नाही जमणार.

ॲपबद्दल माझा अनुभव असा की स्पष्ट, प्रमाण बोलणाऱ्या एकट्या माणसाचं बऱ्यापैकी उतरतं, पण नागपुरीत मले चं मुले होतं, आणि माग, पंखा, बाहेरचा ऑटो, दोन माणसं एकदम बोलतात, अशा ठिकाणी ते गाळून टाकतं किंवा काहीतरी जुळवून देतं. सगळ्यात मोठी अडचण ही की ते जुळवलेलं वाक्य दिसायला एकदम बरोबर दिसतं, कुठे कळलं नाही हे ते सांगतच नाही. तर ॲपमधून पहिला खर्डा काढ, हरकत नाही, पण मग हेडफोन लावून, स्पीड कमी करून शब्दन् शब्द ऐकून तपास. हाताने करायचं तर एका तासाच्या रेकॉर्डिंगला मला चार ते सहा तास लागतात, बोली आणि गोंगाट असेल तर जास्तच, तेव्हा साडेसहा तासांसाठी निदान दोन आठवडे बाजूला काढ.

आणि एक, दीक्षाभूमीवर तू कितीदा गेली असशील. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, बाबासाहेबांनी इथे नागपुरात लोकांसमोर मराठीत जे मोठं भाषण केलं ते आज आपण पुस्तकात वाचतो, घराघरात वाचतो. ते तेव्हा ऐकणाऱ्यांनी कागदावर उतरवून घेतलं म्हणून. तुझ्या विणकरांचं बोलणंही कोणीतरी पन्नास वर्षांनी वाचेल असं समजून बस कामाला.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी स्टेनोची तयारी करतोय, एसएससीची, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनची, ग्रेड डी, हिंदी. ८० ची स्पीड आली आहे पण ट्रान्सक्रिप्शनमध्ये चुका खूप होतात. मित्र म्हणतात ट्रान्सक्रिप्शन म्हणजे नुसतं टायपिंग आहे, टायपिंग वाढव. खरंय का?

उत्तर : नाही. आयोगानंच वेळ कसा दिलाय ते बघा, डिक्टेशन १० मिनिटांचं, मिनिटाला ८० शब्द म्हणजे सगळे मिळून ८०० शब्द, आणि ते उतरवायला हिंदीला ६५ मिनिटं, इंग्रजीला ५०. ग्रेड सी ला १०० ची स्पीड आणि हिंदीला ५५, इंग्रजीला ४० मिनिटं. नुसतं टायपिंग असतं तर ८०० शब्दांना एवढा वेळ कशाला दिला असता? तो वेळ वाचण्याचा आहे. आयझॅक पिटमननं १८३७ मध्ये जी पद्धत काढली आणि आपले क्लास जिच्यावर चालतात त्यात प आणि ब ची रेघ एकाच दिशेची, एक बारीक आणि एक जाड, त ट द ड चंही तसंच, आणि स्पीडमध्ये स्वर आपण टाकतच नाही. म्हणजे कागदावर फक्त व्यंजनांचा सांगाडा असतो आणि वाक्याच्या अर्थावरून शब्द उभा करावा लागतो. तेव्हा वाचन वाढवा, रोज पेपरचा अग्रलेख मोठ्यानं वाचा, त्यामुळे कोणत्या शब्दानंतर कोणता येतो ते कानात बसतं. आणि डिक्टेशन झाल्या झाल्या टाइप करू नका, आधी पेन्सिलनं सगळं एकदा वाचून काढा, जिथे अडलं तिथे बारीक खूण करून पुढे जा, पुढचं वाक्य वाचलं की मागचं पुष्कळदा आपोआप सुटतं. आकडे आणि नावं मात्र अर्थावरून कधीच सुटत नाहीत, ती घेतानाच पूर्ण लिहा. खूप शुभेच्छा, निकाल लागला की कळवा.

प्रश्न : मुलगा बाहेर शिकायला चाललाय, तिकडची युनिव्हर्सिटी ट्रान्सक्रिप्ट मागते. आमच्याकडे सगळ्या मार्कशीट आहेत, त्या चालणार नाहीत का? – त्रिमूर्तीनगर

उत्तर : बहुतेक ठिकाणी नाही दादा. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सेमिस्टरचे विषय, मार्क किंवा ग्रेड, क्रेडिट हे विद्यापीठानं आपल्या रेकॉर्डवरून एका ठिकाणी उतरवून, सही-शिक्का करून दिलेलं, पुष्कळदा सीलबंद पाकिटात किंवा थेट ईमेलनं पाठवलेलं. म्हणजे आपल्या उताऱ्यासारखंच, आपण झेरॉक्स काढून दिली तर तो उतारा होत नाही. कॉलेजकडून नाही, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून मिळतं, अर्ज लवकर करा आणि दोन-तीन प्रती जास्तीच्या मागा.

प्रश्न : मी हार्मोनियम शिकते. आमचे गुरुजी बंदिश लिहून देत नाहीत, म्हणतात ऐक आणि बसव. पण यूट्यूबवर सगळे ट्रान्सक्राइब करा म्हणतात. संगीतात हा शब्द कसा वापरतात?

उत्तर : दोन अर्थांनी. एक म्हणजे ऐकून स्वरलिपीत लिहिणं. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्या-घराण्यांतल्या बंदिशी ऐकून ऐकून अशाच लिहून ठेवल्या, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब, ही पद्धत तुम्ही वहीत वापरत असालच. दुसरा अर्थ पाश्चात्त्य संगीतात जास्त चालतो, एका वाद्याची किंवा अख्ख्या वाद्यवृंदाची रचना दुसऱ्या वाद्यासाठी लिहून काढणं, फ्रान्झ लिस्ट या पियानोवादकानं बेथोवनच्या नऊच्या नऊ सिंफनी एकट्या पियानोसाठी अशा उतरवल्या. नाट्यगीत आपण पेटीवर बसवतो ते याच्या जवळ जाणारं. गुरुजी म्हणतात त्यात तथ्य आहे, मींड, श्रुतीची हलकी जागा, आस, हे कागदावर फार थोडं येतं. तरी मी म्हणेन ऐकून बसवा आणि मग स्वतःच्या वहीत उतरवा, त्या क्रमानं. लिहायला बसलं की कळतं आपल्याला कोणती जागा नीट ऐकूच आली नव्हती.

प्रश्न : आमचं घर महालात, जुना वाडा होता तो पाडताना एका पेटीत मोडीतले कागद निघाले. एकानं ट्रान्सक्राइब करून देतो म्हणून पानामागे पैसे सांगितले, दिलं तेव्हा ते देवनागरीत होतं पण आम्हाला त्यातलं अर्धं समजत नाही, तारीख सुद्धा नाही. फसवलं का त्यांनी?

उत्तर : काका, फसवलं असं मला वाटत नाही, तुम्ही मागितलं लिप्यंतर आणि तुम्हाला हवा होता अर्थ, ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हीचे दर वेगळे असतात. मोडी वाचणं सोपं नाही. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं अशी ती लिपी, शब्द संपला कुठे ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. त्यातून अक्षरं सोडवून देवनागरीत मांडली हेच त्यांचं काम, आणि त्यात त्यांनी स्वतःच्या मनानं भाषा सोपी केली नाही हे चांगलंच केलं. कागद शेतजमिनीचा किंवा जातीच्या नोंदीचा असेल तर असंच कोरडं लिप्यंतर लागतं, २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी मोडी जाणकारांना केवढी मागणी आली ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल.

तारखेचं कोडं असं सुटतं. जुन्या कागदांत सुहूर सन (तेव्हाची वर्षं मोजायची एक पद्धत) असतो आणि तो अरबी आकडी शब्दांत, उलट्या क्रमानं लिहितात. समजा ‘अर्बा सल्लासीन मया अलफ’ असेल तर अर्बा म्हणजे ४, सल्लासीन ३०, मया १००, अलफ १०००, मिळून ११३४, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७३३-३४. तुमच्या कागदावर असे शब्द शोधा, सापडतील. आणि कागद नागपूरचे भोसले राजे रघुजी तिसरे यांच्या मृत्यूनंतरचा, म्हणजे डिसेंबर १८५३ नंतर इंग्रजांनी नागपूर खालसा केलं त्यानंतरचा असेल तर इंग्रजी तारीखही असू शकते. लिप्यंतर करणाऱ्याकडूनच अर्थ लिहून मागा, पण दोन्ही वेगवेगळ्या पानांवर, लिप्यंतरात ओळ क्रमांक घालून, म्हणजे कुठे शंका आली तर मूळ कागदाच्या त्याच ओळीवर बोट ठेवता येईल. जिथे कागद फाटलाय तिथे त्यांनी टिंबं दिली असतील तर ती राहू द्या, भरून मागू नका.

आणि ते कागद लॅमिनेट करू नका, कृपा करून. दिवसाच्या उजेडात, सावलीत, फ्लॅश न लावता दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घड्यांवर चिकटपट्टी लावू नका, आणि पेटीत परत ठेवताना मधे साधा कोरा पांढरा कागद घाला. महालातच राहता तर एखाद्या रविवारी सकाळी मी येऊन बघून जाईन, संपादकांकडे नंबर देऊन ठेवा.